धाकट्यांची जागा

१४ ऑगस्ट १९५२, गुरुवार

आज आमच्या बेटावर धावपट्टीचं मशीन उतरलं. लढाईच्या वेळची सपाट बुडाची बोट थेट वाळूत शिरली, तिचं पुढचं दार धाडकन खाली पडलं आणि आतून पिवळाधमक बुलडोझर मी स्वतः चालवत बाहेर काढला. सगळं गाव किनाऱ्यावर लोटलं होतं. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, शाळेच्या मुलांनी गाणं म्हटलं, आणि साखळीपट्टे वाळूत रुतायला लागले तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी क्रूसाची खूण केली. मी टोपी तिरकी करून वर बसलो होतो. खोटं कशाला लिहू, आयुष्यात इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

हे काम मी त्रिनिदादच्या अमेरिकन तळावर शिकलो. तिथे रोज संध्याकाळी मशीनची नोंद लिहावी लागे: तेल किती प्यालं, काम किती केलं, मोडलं काय. लढाई संपली, तळ उठला, सवय राहिली. आता मशीनच्या जोडीला माझंही लिहितो, एवढाच फरक.

इंजिनिअर प्राइससाहेब इंग्लंडहून आलेत. उंच, लालबुंद, सदा घामाघूम. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "एव्हारिस्त, रविवारीसुद्धा काम पडेल कधी कधी. घरी मुलंबाळं किती?"

"कसली मुलंबाळं, साहेब! मागे ना पुढे कोणी. बायको तेवढी. मोकळा माणूस आहे मी, खुशाल जुंपा!"

सगळे हसले. ऑक्टाव्हिया मागे उभी होती. ती मशीनकडे बघतच नव्हती, माडांच्या बागेकडे बघत होती. नवरा एवढा पराक्रम गाजवतोय आणि हिचं लक्ष माडांत! संध्याकाळपर्यंत गावाने मला 'बुल' असं नावसुद्धा ठेवलं.

२० ऑगस्ट, बुधवार

मळ्यातले माड पाडतोय. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एवढीच काय ती सपाट जमीन आहे, म्हणून धावपट्टी इथे. एका टोकाला नदीचं मुख, तिथे खोलगट दलदल आहे. ती भरून काढायची. दुसऱ्या टोकाला लाल मुरूम आहे, कठीण, चांगला. तिथली माती इथे आणायची, पसरायची, वरून रोलर फिरवायचा. ऐकायला सोपं वाटतं.

रोलरवर आल्सीद आहे. पोरगा कामाला बरा आहे, पण रोलर चालवताना गलिच्छ गाणी म्हणतो आणि स्वतःच हसतो.

ऑक्टाव्हिया दुपारचं जेवण घेऊन थेट मळ्यात आली. आजवर कधी कुठल्या कामावर आली नाही. भाजलेला नीरफणस, खारा मासा, वर मिरची. मी जेवेपर्यंत बसून राहिली. मग विचारलं, "उद्या कुठल्या अंगाला काम आहे?"

"का गं?"

"सहजच."

अखेर तिला नवऱ्याचं कौतुक वाटायला लागलं तर! मी तिला पात्याची उंची, इंजिनाची ताकद, सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, "कुठली माती कुठे गेली हे मला झोपेत विचार, सांगेन." ती ऐकत होती.

३१ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर बायकांचा घोळका प्राइससाहेबांच्या शेडवर गेला. पुढे नेनेन सिडोनी. ती माझी धर्ममाता, आणि निम्म्या गावाची सुईण. तिच्या शेजारी, मला एका शब्दाने न सांगता, माझी बायको! साहेबांना आमची बोली कळत नाही, म्हणून दुभाषा म्हणून मलाच हाक मारली.

गोष्ट धाकट्यांच्या जागेची. मेलेलं जन्मलेलं किंवा बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ चर्चच्या आवारात पुरता येत नाही. बायका ते मळ्याच्या डोंगराकडच्या कडेला नेऊन ठेवतात आणि वर क्रोटनचं रोप लावतात. पुरुषांनी तिकडे जायचं नाही, विचारायचं नाही. बायकासुद्धा वर्षातून एकदाच, एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, मेणबत्त्या घेऊन आत जातात. कुणाचं कुठलं हे आईला आणि सुइणीलाच ठाऊक. कित्येकदा बापालाही पत्ता नसतो. माझी आई होती तेव्हापासून हे असंच चालत आलंय.

आणि ती जागा बरोबर लाल मुरमाच्या अंगाला आहे.

साहेबांनी नकाशा पसरला. "इथे तर नुसतं झुडूप दाखवलंय."

"नकाशा काढायला पुरुष आले होते," नेनेन म्हणाली. "त्यांना काय दिसणार?" हे मी साहेबांना जरा गोड करून सांगितलं.

फादरना विचारलं तर ते म्हणाले, ती पवित्र केलेली भूमी नाही, चर्चची हरकत नाही. नेनेनने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की मी खाली बघितलं. बायकांचं मागणं एवढंच होतं: सणापर्यंत थांबा. आम्ही मेणबत्त्या लावू, धाकट्यांची परवानगी घेऊ, मग आमच्या हातांनी उचलून चर्चच्या कुंपणाबाहेर वर डोंगरावर नेऊ. त्याआधी जमीन उघडली तर ती घाबरतील. साहेब भला माणूस आहे. म्हणाले, ठीक, सणानंतरच तिथे पातं लावू.

एक गोष्ट मात्र मला खटकली. ज्यांची लेकरं तिथे आहेत त्या बाया दगडासारख्या गप्प उभ्या होत्या, आणि जिच्या मांडीवर कधी मूल खेळलं नाही ती माझी बायको डोळ्याला रुमाल लावून रडत होती. लोक काय म्हणतील? परतताना तिला तसं बोललोही. ती म्हणाली, "ऊन लागलं डोळ्याला."

१४ सप्टेंबर, रविवार

आल्सीदच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. मी धर्मपिता. पोर गुबगुबीत आहे, माझ्या मिशीला लोंबकळलं. रम जरा जास्तच झाली.

घरी आलो आणि तोंड सुटलं. म्हटलं, "आल्सीदसारख्या टवाळाला देव पोरं देतो आणि माझ्या घरात एक पाळणा हलला नाही."

ऑक्टाव्हिया भांडं घासत होती. "नाही हलला," म्हणाली. "खरंय." आणि ते स्वच्छ झालेलं भांडं परत घासायला लागली.

मला आता वाईट वाटतंय. पण मी खोटं तर बोललो नव्हतो. कुरासाव बेटावर तेलाच्या कारखान्यात होतो तेव्हाही लोक विचारायचे, आणि दर वेळी मी हसून वेळ मारून न्यायचो. माणसाला कधीतरी लागतंच की.

६ ऑक्टोबर, सोमवार

पाऊस. मशीन ताडपत्रीखाली. नदीच्या टोकाचा भराव खचला. महिनाभर टाकलेली माती दलदलीने गिळली आणि ढेकरसुद्धा दिली नाही. प्राइससाहेब गुडघाभर चिखलात उभे राहून शिव्या देत होते. नोव्हेंबरअखेर गव्हर्नरसाहेबांचं विमान उतरायचं ठरलंय म्हणे. आमच्या भरवशावर तारीख दिली, पण आम्हाला विचारलं कुणी?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

ज्याची भीती होती तेच झालं. साहेबांनी सकाळी बोलावलं.

"एव्हारिस्त, नदीकडे भराव कमी पडतोय. डोंगराकडचा मुरूम उद्यापासून काढायचा."

"साहेब, तुम्ही बायकांना शब्द दिलाय."

"तेव्हा पाऊस धरला नव्हता. सण व्हायची वाट बघितली तर विमान दलदलीत उतरेल."

मग खिशातून मशीनची चावी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. या बेटावर हे मशीन चालवणारा दुसरा माणूस नाही, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही.

"मी तिथला मुरूम काढतो," म्हटलं, "पण त्यांची जागा मधे तशीच सोडून. चारी बाजूंनी खोदतो, तिला धक्का लावत नाही. सण झाला की बायका उचलतील, मग उरलेलं काढू. हे मान्य असेल तर चावी परत द्या."

साहेबांनी कपाळ पुसलं. "नक्की कुठली जागा, ते तू बघून घेशील?"

"मी बघेन."

चावी परत मिळाली. शेडबाहेर आल्सीद कान लावून उभाच होता. म्हणाला, "बुल, तू तर साहेबालाच ढकललंस की रे!" घरी ऑक्टाव्हियाला सांगितलं तेव्हा ती खाली बसली. मग म्हणाली, "तू त्यांच्यासाठी नोकरी पणाला लावलीस?"

"म्हटलं, तुम्हा बायकांचं मन राहील."

तिने माझा हात हातात घेतला. असं तिने बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ऑक्टाव्हिया जागा दाखवायला आली. मी मशीनवर होतो. इंजिन ओलं झालं की पुन्हा चालू करायला जिवावर येतं, म्हणून बंद केलं नाही. त्या धडधडाटात ऐकू काही येत नव्हतं. ती बदामाच्या झाडाशी थांबली, पुढे येईना.

थडग्याकडे बोट दाखवलं तर बोट कुजतं, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबरच पाजतात. तिने हात पाठीमागे बांधले आणि ओठ पुढे काढून दिशा दाखवली. गावात सगळे तसंच दाखवतात. मी ओरडलो, "बदामाच्या पलीकडचा लाल क्रोटन?" तिने मान हलवली. मी पुन्हा हात हलवून विचारलं, तिने पुन्हा मान हलवली आणि वळून चालायला लागली. तिथून निघताना मागे वळून बघायचं नसतं, म्हणून तिने बघितलं नाही.

मी उतरून लाल क्रोटनच्या त्या पुंजक्याभोवती खांब रोवले आणि दोरी बांधली. आल्सीद म्हणाला, "एकदा सिडोनीआजीलाही विचारून घेऊ या का?"

"माझी बायको मला दाखवून गेली. मी काय आंधळा आहे?"

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर एका दमात काम. डोंगराकडचा सगळा भाग उतरवला आणि माती नदीच्या टोकाला नेऊन पसरली. मधोमध क्रोटनचं ते बेट तसंच उभं आहे, कडा अशा सरळ कापल्यात की साहेबही बघत राहिले. जन्मात केलेलं माझं सगळ्यात सुबक काम.

बदामाच्या अलीकडे क्रोटनची विखुरलेली रोपं होती, बांधाची समजून काढली; माती भुसभुशीत निघाली, मुरूम कमी. तिथे शंख फार होते. लहान लहान, सगळे पालथे, गोल गोल मांडल्यासारखे. शाळेतली पोरं खेळत असणार. समुद्रकाठ म्हटला की शंख आलेच. पात्यापुढे ते कुरकुर आवाज करत फुटत होते.

घरी आलो तर ऑक्टाव्हियाने ताजा मासा तळला होता, अळूची भाजी केली होती. मी सगळं सांगितलं: बेट कसं राखलं, कडा कशा कापल्या. ती हसली! मी तळावरून परत आल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "उद्या नेनेनला घेऊन बघायला येते. लांबूनच." मग म्हणाली, "सण झाला की तुला एक सांगायचंय."

"आत्ताच सांग."

"नाही. आधी सण होऊ दे."

बायकांना गुपितं फार. पण आज घर घरासारखं वाटतंय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

चुकीची जागा राखली.

मी टोपी काढून पुढे झालो होतो. म्हटलं, "बघा, पानसुद्धा हललेलं नाही." नेनेन त्या बेटाभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "पोरा, हा मळ्याचा बांध. हा हद्दीचा क्रोटन." इथे बांधाला क्रोटनच लावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं.

ऑक्टाव्हिया बदामाच्या अलीकडे बघत होती. तिथे आता काही नाही. उतरवलेली लाल जमीन, त्यावर माझ्या पट्ट्यांचे ठसे. "मी ही दाखवली होती," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "इथली माती?"

मी म्हटलं, "नदीकडे. भरावात."

ती नदीच्या टोकाकडे चालत गेली. मी मागून हाका मारत होतो, ती थांबली नाही. नेनेन जमिनीवर बसली आणि चिखलातून फुटक्या शंखांचे तुकडे वेचायला लागली. प्रत्येक धाकट्याभोवती बायका शंख मांडतात म्हणे. हे मला आज कळलं.

पुढे लिहवत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

मिस्साला गेलो. बाकावर माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. बाहेर एका बाईने माझ्या अंगावर चिखल फेकला, दुसरी म्हणाली, "तुझं पातं तुझ्याच घरावर फिरो!" मी मान खाली घालून ऐकलं. ते मला समजतं.

ऑक्टाव्हियाचं मात्र समजेना. ती शिवी देत नाही, रडत नाही, जेवत नाही. घरात असते आणि नसते. शेवटी नेनेनकडे गेलो. ती परसात अळकुड्या सोलत होती. मला बस म्हणाली नाही.

"नेनेन, बाकीच्यांचा राग मी सोसतो. त्यांची पोरं होती तिथे. पण ऑक्टाव्हियाने एवढं का मनाला लावून घ्यावं? मी काय करू म्हणजे ती..."

नेनेनची सुरी थांबली. "तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"अरे देवा," ती म्हणाली. "मला वाटलं, एव्हाना तिने सांगितलं असेल." तिने सुरी बाजूला ठेवली. "तिचंही होतं तिथे, एव्हारिस्त. तुझं होतं."

मी तळावर गेलो त्याच वर्षाची गोष्ट. निघालो तेव्हा तिला दिवस गेले होते, तिलाच नीट कळलं नव्हतं. मुलगी झाली. चांगली धडधाकट, भूक लागली की घर डोक्यावर घ्यायची. फादर नदीपलीकडे पुरात अडकले होते. नेनेन म्हणाली, "आजारी दिसली असती तर मीच डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला असता. पण इतकी छान होती की म्हटलं, येऊ देत फादर, नीट समारंभाने करू. सकाळी बघितलं तर गेलेली. तो दोष माझा आहे, मी तो देवापुढे घेऊन जाईन. तिने कधी मला शब्दाने टोचलं नाही."

"मला का नाही सांगितलं? इतकी वर्षं!"

"सांगायलाच धक्क्यावर आली होती, तुझी बोट लागली तेव्हा. बोटीतून उतरून पहिलं वाक्य काय बोललास, आठवतं?"

"नाही."

"मग नको आठवूस. मशीन उतरलं त्या दिवशी साहेबाला हसत सांगितलंस ना, तसलंच होतं." मग म्हणाली, "यंदा सांगणार होती. म्हणाली, तिला वर डोंगरावर नीट जागा होऊ दे, मग त्याचा हात धरून नेते आणि दाखवते. तू साहेबापुढे चावी ठेवलीस ना, त्या दिवशी माझ्याकडे नाचत आली होती ती."

दिवसभर आठवत बसलो. बोटीतून काय काय आणलं ते सगळं आठवतं. तिच्यासाठी निळं कापड, आईसाठी चष्मा, माझे पिवळे बूट. वाक्य तेवढं आठवत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कामावर गेलो नाही. प्राइससाहेब स्वतः घरी आले, हॅट हातात धरून दारात उभे राहिले. म्हणाले, "तिथे एखादा क्रूस लावू या का?" मग त्यांचं त्यांनाच कळलं. धावपट्टीवर क्रूस कुठला लागायला! बिचारे तसेच परत गेले.

ऑक्टाव्हिया नदीवर कपडे धूत होती. मी शेजारच्या दगडावर जाऊन बसलो. पुष्कळ बोलायचं ठरवून गेलो होतो, तोंडातून एवढंच निघालं, "नेनेनने सांगितलं."

तिने कपडा पिळला.

"नाव काय होतं तिचं?"

"बाप्तिस्मा नाही तर नाव कसलं."

"ऑक्टाव्हिया."

"अल्बर्टीन म्हणायचे मी," ती म्हणाली. "तुझ्या आईचं."

"दिसायला कशी होती?"

"कान तुझे. असे बाहेर आलेले. मी म्हटलं होतं, मुलीच्या जातीला कसे शोभणार हे कान?"

मला हसू आलं आणि त्याच दमात रडू कोसळलं. एवढा बाप्या माणूस, नदीवर, बायकांच्या देखत. तिने मला रडू दिलं. मग विचारलं, "कुठली माती कुठे गेली ते तुला झोपेतही सांगता येतं ना? मग सांग. ती कुठे आहे?"

मला सांगता आलं नाही. पात्याने माती ढकलायची, पसरायची, मागे यायचं, पुन्हा पसरायची. एका जागी काहीच राहत नाही. तिला खोटी जागा दाखवावी असं मनात आलं होतं. इथे, या दगडाजवळ, असं काहीतरी. माझ्याने झालं नाही.

"त्या सगळ्या टोकाला पसरली," म्हटलं. "एका ठिकाणी कुठेच नाही."

"म्हणजे सगळीकडे."

"सगळीकडे."

तिने बादली उचलली. मी घ्यायला गेलो तर दिली नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

सर्व संतांचा सण. गाव डोंगरावर गेलं, चर्चचं आवार मेणबत्त्यांनी भरून गेलं. धाकट्यांच्या आया कुंपणाबाहेर न पेटवलेल्या मेणबत्त्या धरून उभ्या होत्या. कुठे लावायच्या तेच त्यांना कळेना. थोड्या वेळाने एकेक करून त्या तशाच घरी गेल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, चिखलही फेकला नाही. चिखल फेकला असता तर बरं वाटलं असतं.

ऑक्टाव्हिया आलीच नव्हती. ती घराची लाकडी जमीन काथ्याने घासत होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

साहेब म्हणाले, पाऊस थांबलाय, उद्या-परवा करत बसता येणार नाही, नदीच्या टोकावर आजच रोलर फिरवायचा. मी म्हटलं, मला नाही जमणार, आल्सीद करेल. साहेबांनी वाद घातला नाही.

घरी परत आलो. ऑक्टाव्हिया म्हणाली, "काम नाही आज?"

मी कसंबसं सांगितलं. दाबायचंय. जड रोलर, पुन्हा पुन्हा, दगडासारखं कठीण होईपर्यंत.

"आणि ते आल्सीद करणार? ती गाणी म्हणत?"

ती उठली, डोक्याला रुमाल बांधला, छत्री घेतली. "चल," म्हणाली. "परक्या माणसाने नको. तू कर."

"माझ्याने होणार नाही गं."

"तू बाप आहेस तिचा," ती म्हणाली. आजवर मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. "आणि सावकाश चालव."

आल्सीद रोलरवरून उतरला आणि त्याने टोपी काढली. मी चढलो. ऑक्टाव्हिया भरावाच्या कडेला छत्री उघडून बसली. नदीपासून सुरू केलं, शेवटपर्यंत गेलो, परत आलो. इतका सावकाश रोलर मी कधी चालवला नाही. दुपारी नेनेन आली आणि ऑक्टाव्हियाशेजारी बसली. मग ती चिखल फेकणारी बाई आली, मग बाकीच्या. कुणी जवळ आलं नाही, कुणी बोललं नाही. मी येत होतो, जात होतो, आणि दर वेळी त्या तिथेच होत्या.

संध्याकाळी इंजिन बंद केलं. बायका उठून गेल्या. ऑक्टाव्हिया भरावावर चढून आली. टाचेने जमीन दाबून बघितली. टाच रुतली नाही.

"झालं?"

"झालं."

"किती खोल असेल?"

"दोन पुरुष तरी."

तिने जरा विचार केला. "जुन्या जागी दर पावसाळ्यात पाणी साचायचं," ती म्हणाली. "मी घरात कोरडी झोपायचे आणि मला झोप लागायची नाही. आता तिला पाऊस लागणार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "नाही लागणार."

तिने छत्री मिटून माझ्या हातात दिली आणि आम्ही घरी आलो.